चार गोळ्या आणि आपले रविवार

प्रिय नागसेन,

जयभीम. फोन सोडून पत्र काहून, म्हणशील. फोनवर मी अकोल्याला राहायला यायचं काढलं की तू लगेच जेवण झालं का विचारतोस. कागदावर तसं करता येत नाही. आज रविवार नाही आणि तुझी फार आठवण येऊन राहिली आहे.

आधी कामाचं सांगते. आमच्या प्रयोगशाळेतली झिजेची मशीन तुला ठाऊकच आहे. तेलात बुडलेल्या तीन पोलादी गोळ्या, त्यांच्यावर चौथी गरगर फिरते, आणि तासाभराने गोळ्यांवर पडलेला झिजेचा चट्टा मी सूक्ष्मदर्शकाखाली मोजते. खुशालरावांनी त्यांच्या कारखान्यातली दोन इंजिन ऑइलं पाठवली होती. एकाचा चट्टा इतका बारीक की मीच चाट पडले! दुसऱ्याचा चांगला मोठा. खुशालराव लगेच डब्यावर ‘सर्वात कमी झीज’ छापायला निघाले. मी म्हटलं, थांबा बाप्पा, आधी इंजिनात तर घालून पहा. तर म्हणे, “काहून? मशीन खोटं बोलते काय?” खोटं नाही बोलत, पण विचारलं तेवढंच सांगते. तिथे ना काजळी, ना घाट, ना धूळ, ना तेलात झिरपणारं डिझेल.

कुरकुरत त्यांनी मोर्शीहून संत्री नेणाऱ्या स्वतःच्याच दोन गाड्यांत ती तेलं घातली. परवा इंजिनं उघडली. बारीक चट्ट्यावाल्या तेलाने बेअरिंगं खाऊन टाकली होती, पिस्टनच्या रिंगा काजळीत घट्ट बसल्या होत्या. गोळ्यांना वाचवणारं जे रसायन त्यात भरलं होतं, तेच महिनोन्‌महिने धातू कुरतडत होतं. दुसरं इंजिन मात्र ठणठणीत. खुशालराव म्हणाले, “मॅडम, त्या गोळ्या फेका नालीत!” मी म्हटलं, अहो, नेहमीच्या तेलाचा एखादी खेप बिघडली तर हीच मशीन सांगते, फक्त इंजिनाचं भविष्य तिला विचारू नका.

घरी आले आणि जेवणच गेलं नाही. आपलं तरी काय वेगळं आहे रे? लग्न झाल्यापासून तू अकोल्याच्या डेपोत, मी अमरावतीत. रविवारी तू इस्त्रीचा शर्ट घालून येतोस, मी पाटोडीचा रस्सा करते, संध्याकाळी तुला बसस्टँडवर सोडते. कधी वाकडा शब्द नाही. तुझी आई गावभर सांगते, आमच्या लेकराईचं भांडणच होत नाही. आणि तू म्हणतोस, असंच गोड राहू दे, रोज सोबत राहिलो तर माझ्या आई-बाबांसारखे होऊ. तुमच्या घरात ताटं कशी उडायची ते तू लहानपणी पाहिलंस. तुझी भीती मला कळते.

पण मागच्या महिन्यात मी आठवडाभर तापाने फणफणत होते. रविवारी वेणी घालून हसत बसले, तुला पत्ताच नाही. आणि तुझ्या हाताला टाके पडले, ते मला कधी कळलं? हात धुताना तुझी बाही वर सरकली तेव्हा! त्या दिवशी तू गेल्यावर मी खूप रडले. रविवार खराब होऊ नये म्हणून आपण दुखणंसुद्धा लपवतो, याला काय संसार म्हणायचं? मला तुझा चिडका सोमवार पाहिजे, मीठ जास्त झालं म्हणून फुगलेलं तुझं तोंड पाहिजे. भांडू कदाचित. कदाचित खूप भांडू. ते रविवारांवरून मला सांगता येत नाही, तुलाही नाही.

म्हणून हे पत्र. अकोल्याच्या एका प्रयोगशाळेत मला काम मिळालं आहे, इथली खोली मी सोडली. बुधवारी सामानासकट येते. मी नको असेन तर त्याआधी तोंडाने स्पष्ट सांग, मी ऐकून घेईन. पण मी हवी असेन, तर माझ्यासाठी घर आवरू नकोस. मी नसते तेव्हा तू कसा राहतोस, ते मला एकदा बघायचं आहे.

सातही दिवसांची तुझीच,
ललिता