दम लागतो, दम लगता

मंगळवार, संध्याकाळी सात

दिलसुखनगरच्या दवाखान्यातून आईला घेऊन आत्ताच आले. डोकं भणभणतंय. हृदयाचे डॉक्टर म्हणाले, पायांची सूज हा नुसता परिणाम आहे. मूळ दुखणं फुप्फुसांचं, त्यांच्यापायी हृदयाची उजवी बाजू थकलीय. मग विचारलं, "धाप कधीपासून लागते? आधी कुणाला सांगितलं नाही?"

सांगितलं होतं! दोन वर्षांपूर्वी गल्लीतल्या डॉक्टरला आई तिच्या दखनी हिंदीत म्हणाली होती, "सीढ़ी चढ़े तो दम लगता." तिचा दम मराठीतला, म्हणजे धाप. त्याला वाटलं हिंदीतला, म्हणजे जिना चढायला ताकद लागते. "उमर हुई अम्मा," म्हणाला आणि ताकदीच्या गोळ्या दिल्या. छातीला नळी लावली नाही की पाय पाहिले नाहीत. दोन वर्षं ताकदीच्या गोळ्या! नुसता संताप येतो त्या माणसाचा.

आणि मी? शेजारीच बसले होते, मोबाइलमध्ये डोकं घालून. त्याने माझ्याकडे पाहिलं तेव्हा "हौ, कमजोरी है" म्हणाले, लवकर सुटावं म्हणून.

आज घरी येताना आई जिन्यात कठड्याला धरून थांबली. "थांब गं, जरा दम खाऊ दे."

त्या डॉक्टरपुढे बसले होते तेव्हाही मला हा शब्द कळत होता.