रातपाळीच्या रांगेतली मुलं

लालबाग,
२० एप्रिल १९५८

प्रिय गंगाधर,

शाळेत तुला सदानकदा ‘गुरुजी’ म्हणत आले, म्हणून कागदावर नुसतं नाव लिहिताना हात जरा अडखळला. असो. निकाल लागला. आपल्या बिनइयत्तांच्या दोन खोल्यांतली मुलं म्युनिसिपालिटीच्या मोठ्या शाळांतल्या मुलांबरोबर चौथीच्या परीक्षेला बसली आणि चांगली पुढे आली. तरी शाळा तपासणाऱ्या साहेबांचं म्हणणं कायम आहे. जूनपर्यंत दुसरा शिक्षक आला नाही, तर आपली शाळा शेजारच्या मोठ्या शाळेत घालणार. तुझी खुर्ची दिवाळीपासून रिकामी आहे. मी एकटी दोन्ही खोल्यांत धावते. पोरं तर हल्ली पाढेसुद्धा मोर्च्यासारखे म्हणतात, ‘सात आठे छप्पन्न, झालेच पाहिजेत!’ तू असतास तर हसून बेजार झाला असतास.

निकालावर साहेबांचा विश्वास बसेना. कोणती मुलं हुशार, ते शोधायला स्वतः येऊन बसले. कोकणातली वेगळी काढली, घाटावरची वेगळी, तुमच्या नायगावच्या चाळींतली वेगळी. त्यांच्या नावांपुढे ‘बौद्ध’ लिहिलेलं पाहून थबकले, म्हणाले, हे कुठे धरायचं? म्हटलं, लिहिलंय तसंच धरा. दोनदा मांडणी करून पाहिली, पण कुणी कुणाच्या पुढे नाही की मागे नाही. बिचारे अगदी हिरमुसले. मग त्यांचं लक्ष तुझ्या रांगांकडे गेलं. बापाची गिरणीतली पाळी बदलली की पोराची जेवणाची, उठायची वेळ बदलते, म्हणून तू मुलांना बापाच्या पाळीप्रमाणे बसवायचास, तेच मी चालू ठेवलंय. साहेबांच्या मते हा शुद्ध वेडेपणा. पण त्यांनीच रांगांप्रमाणे मार्क पाहिले, तर रातपाळीची रांग सगळ्यांच्या पुढे.

आता मला प्रश्न पडला की मी कशी होते ते तू जाणतोस. जेवण गोड लागेना. बाप दिवसभर घरात झोपलेला, खोली एवढीशी, अशा घरातलं पोर मागे पडायला हवं ना? म्हणून भरदुपारी आधी आपल्या राधाकडे गेले. तिची आई मालवणची. दारातच तोंडावर बोट ठेवून म्हणाली, “बापूस निजलो हा.” बाहेर गॅलरीत राधा भावंडांना घेऊन बसलेली. खेळायचं नाही, भांडायचं नाही, ओरडायचं तर नाहीच. मग करायचं काय, तर वाचायचं, आणि कुजबुजत एकमेकांना गणितं घालायची. तिथून नायगावला बुधाजींच्या भिवाकडे गेले. तिथेही तेच बोट, तीच गॅलरी, तीच कुजबुज. होळीनंतर राधाचे वडील थोडे दिवस दिवसपाळीवर होते आणि तिची गणितं घसरली, तेव्हा मी तिला उगाच रागे भरले होते. पाळीबरोबर हुशारी बदलते, हे कुठल्या ट्रेनिंग कॉलेजात शिकवतात रे? अजून सगळं उलगडलेलं नाहीच. त्याच रांगेतली दोनतीन पोरं पाटीवर डोकं टेकून घोरतात, त्यांचं काय ते मला शोधायचंय.

हे सगळं मी घरी सांगितलं. मुद्दाम बाबांनाच सांगितलं. साहेबांनी कशा वाटण्या केल्या आणि कसा काही फरक निघाला नाही, ते. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं. विडी विझवली आणि म्हणाले, “पोरांचं ठीक आहे, शेवंती. तुझं वेगळं.” मी पोरांबद्दल बोलत नव्हते, हे त्यांना पहिल्या वाक्यालाच कळलं होतं. मग मीही तुझं नाव घेऊन सरळ बोलले. ते म्हणाले, गेलीस तर या घरी पुन्हा यायचं नाही. आई पदर तोंडाला लावून बसली. मला फार रडू आलं, गंगाधर. अजूनही येतं. बाबा वाईट नाहीत. मला ट्रेनिंगला घालायला चाळभर त्यांनीच भांडण केलं होतं.

दिवाळीत ते तुला दारात काय बोलले, ते मला तुझ्याकडून नाही, आईकडून कळलं. त्याच आठवड्यात तू राजीनामा देऊन नाशिक गाठलंस. मी सगळ्यांवर चिडले, पण सगळ्यांत जास्त तुझ्यावर. लग्नाचं विचारलंस मला आणि उत्तर घेऊन गेलास बाबांचं. साहेबांशी मी बोलले आहे, जूनमध्ये तुला परत घ्यायला ते तयार आहेत. पण हे पत्र शाळेसाठी लिहिलेलं नाही. बाबांचं उत्तर अजूनही नाहीच आहे. माझं तू ऐकायला थांबला नव्हतास. माझं हो आहे.

तुझीच,
शेवंती