उजव्या तारेवरचे चिमटे

दिनांक ९ मार्च

चि. धाकट्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझी पाठ आता बरी असेल. इकडे सर्व ठीक, असे लिहायची रीत आहे म्हणून लिहिते.

तुझ्या शेडमधून भांडून आणलेल्या अकरा कोंबड्यांपासून हे आश्रयस्थान सुरू झाले. मागच्या महिन्यात सव्वीस होत्या, आज चोवीस आहेत. त्याकडे येतेच; आधी पद्धत समजावते, कारण त्याशिवाय पुढचे कळणार नाही.

मांसासाठी पैदास केलेला हा पक्षी तू सहा आठवड्यांपर्यंतच पाहिलास. पुढची गंमत अशी, की मोजून खायला दिले तर तो वर्षानुवर्षे जगतो. जास्त दिले तर पाय शरीर पेलत नाहीत आणि हृदय थांबते. मात्र त्याची भूक कधीच भागत नाही. आत्ताच खाल्लेली कोंबडीही उपाशी असल्यासारखी ओरडते. म्हणजे दाणे घातले की नाही, हे तिला विचारून उपयोग नाही. म्हणून मी प्रत्येक कप्प्यावर कपड्यांचा एक चिमटा लावला. सकाळी तो डाव्या तारेवर. दाणे घातले की उजव्या. संध्याकाळी परत डावीकडे. किती साधे आणि सुंदर, नाही का?

दोघी लागोपाठ गेल्या. डॉक्टरीणबाईंनी वजन केले आणि विचारले, "खाणं दुप्पट होतंय. कोण घालतं?"

मी शिट्टीकडे पाहिले. शिट्टी म्हणजे माझी मदतनीस; काम करताना सतत शीळ घालते. त्या दिवशी तिची शीळ थांबली.

"ताई, मी नाही घातलं. तुमच्या चिमट्यांनाच विचारा," एवढे बोलून तिने चपला घातल्या.

ती गेल्यावर पाचव्या दिवशी सकाळी मी जाळीपाशी गेले. सगळे चिमटे उजवीकडे. मनात म्हटले, काल संध्याकाळी हलवायचे राहिले. दाणे भिजवले, तिसऱ्या कप्प्यापर्यंत पोहोचले. तिथे भांडे ओले होते आणि त्याच्या कडेवर माझा चष्मा होता. तो मी उठल्यापासून घरात शोधत होते. त्या सकाळी मी आधी इथे आलेच नव्हते, अशी मी शपथ घेतली असती.

जन्मभर इतरांना शिकवले, की नोंदीवर विश्वास ठेवा, मनावर नको. नोंद बरोबर होती.

शिट्टीच्या घरी जाऊन माफी मागितली. तिने चहा दिला, म्हणाली, "येते मी कामावर परत. पण घरचं कुणीतरी आणा. उद्या पुन्हा माझ्यावर आलं, तर साक्षीला कोण?"

तू एकदा म्हणाला होतास, "कोंबड्यांचा वृद्धाश्रम काढलास, तुला कोण सांभाळणार?" तेव्हा मी वर्षभर अबोला धरला. प्रश्न योग्य होता.

छातीवर दाब न देता पक्षी उचलणारा, माझ्या माहितीत, तूच एक. मागची खोली झाडून ठेवली आहे. जाळीची किल्ली शिट्टीकडे दिली आहे; माझ्याकडे मागू नकोस, मी मागितली तरी मला देऊ नकोस.

हे पत्र तुला दोनदा मिळाले, तर दोन्ही खरी मान.

तुझी,
ताई