बर्फाचा किल्ला

मंगळवार, देवपूर

अजून शिसारी जात नाही. माझ्या नातीला, जुईला, थीम पार्क रचायचे आहेत. त्यासाठी डिझाइनची पदवी हवी आणि प्रवेशाला स्वतःच्या चित्रांचा पोर्टफोलिओ. क्लासच्या सरांनी तो ‘सुधारून’ दिला. पहिल्याच पानावर बर्फाचा किल्ला! शेजारच्या मुलीच्या फाइलमध्येही तोच किल्ला, त्याच हातचा. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये याला कॉपी म्हणत आणि वर्गाबाहेर उभं करत.

जुईनं नशिराबादकडच्या जत्रेतला पाळणा काढला होता, आणि त्याच्यासमोर केळीच्या पानांच्या मांडवात थांबलेली रांग.

“ते चित्र कुठंय?” जुईसोबत क्लासमध्ये जाऊन मी सरांना विचारलं.

“काढून टाकलं, अक्का. रांग कोण बघतं?”

“मग मे महिन्याच्या उन्हात तुमच्या किल्ल्याबाहेर लोक उभे कुठे राहणार?”

“परीक्षक एवढं बघत नाहीत हो.”

बघत नाहीत म्हणे! मी पुढे काही बोलायच्या आत जुईनं किल्ला त्यांच्या टेबलावर ठेवला. “सर, हा तुमचा. माझी रांग द्या.”

ती रद्दीत गेली होती. निर्लज्ज माणूस.

फाइल परवा पाठवायची आहे. आत्ता पोरगी जेवणाच्या टेबलावर रांग पुन्हा काढतेय. मांडवात एक बाकडं वाढवलंय.

“हे तुझ्या गुडघ्यांसाठी, आजी.”