टाकीला आग्रह

कॉर्निंग, कॅलिफोर्निया
२ नोव्हेंबर २०२४

चि. उपासना,
जय भीम आणि भरपूर आशीर्वाद.

काकू मजेत आहे, घाणा जोरात आहे, मीच धास्तावलोय. ऑलिव्हचं तेल काढलं की मागे काळं, उग्र पाणी उरतं. ते खाऊन साफ करणारे जंतू तू सांगितलेस तसे बंद टाकीत सोडले. महिनाभर झकास! टाकीला कान लावला की भात रटरटल्यासारखं ऐकू यायचं. मंगळवारपासून आत सामसूम. पंचवीस वर्षं पंप दुरुस्त केलेत मी, माझे कान चुकत नाहीत. इकडे काळ्या पाण्याचं तळं काठोकाठ आलंय. ते भरलं की काउंटीचे, म्हणजे इथल्या जिल्ह्याचे, अधिकारी घाणा बंद करणार, आणि ऐन हंगामात बंद पडला तर माझा कारभार आटोपला.

माया आहेच, उत्तरात कंजुषी नको.
लहूकाका

पिस्कॅटवे
७ नोव्हेंबर

ती. लहूकाकांना सप्रेम जय भीम.

आधी काकूला फोन केला. ती म्हणाली की तुम्ही रोज ठरल्याच्या दुप्पट पाणी सोडत होतात, वर जंतूंना लाजू नका म्हणून बजावत होतात. काका, ते जंतू आहेत, व्याही नाहीत! आग्रहाने त्यांचं पोट बिघडलं, टाकी आंबट झाली. आता आठवडाभर कडक उपास. बेताने चुना घाला, नवे जंतू मिळावेत म्हणून डेअरीतलं ताजं शेण कालवा. मग रोज थोडंथोडं, बाळाला भरवल्यासारखं. मधेच दया आली तर मला फोन करा, टाकीजवळ जाऊ नका.

प्रेम वाढवा, वाढणं आवरा.
तुमची उपासना

कॉर्निंग
१६ डिसेंबर

चि. उपासना,
जय भीम, आणि आज पेढे!

घाणा निम्म्यावर आणला, काळं पाणी भाड्याच्या टँकरमध्ये साठवलं, टाकी उपाशी ठेवली आणि बाळंतपणाच्या खोलीबाहेर बाप फिरतो तसा तिच्याभोवती फिरलो. डेअरीवाला म्हणाला की शेण मागायला धुतलेला शर्ट घालून आलेले तुम्ही पहिलेच. बाराव्या दिवशी आत बुडबुडा ऐकला. काकू सांगेल की मी नाचलो. साफ खोटं, एकच गिरकी घेतली.

तळं हातभर उतरलंय. काउंटीच्या तपासनीस बाईंनी नेलेला पाण्याचा नमुना आज पास झाला! घाणा चालू राहणार, निवळलेलं पाणी बागेला द्यायचीही परवानगी मिळाली. फॉर्मवर टाकी चालवणाऱ्याचं नाव हवं होतं. मी ऐटीत पेन उघडलं, तेवढ्यात काकूने ते काढून घेतलं आणि स्वतःचं नाव लिहिलं. तुझं पत्र आलं त्या दिवसापासून टाकीत पाणी सोडायच्या व्हॉल्व्हची चावी तिच्याच कमरेला आहे.

जीव लावते आहेस, लावत राहा.
लहूकाका