सात मिनिटांत कोडं

सोमवार, ३ जून
जेवणाच्या सुट्टीत पेपरातलं गूढ शब्दकोडं सात मिनिटांत भरलं. पेनने, खाडाखोड नाही. (सुचतील ती अक्षरं भरतो, हा भाग वेगळा. तपासायला कोण बसलंय?) टायपिस्ट बाई म्हणाल्या, डोकं असावं तर असं. मी नम्रपणे हसलो.

मंगळवार, ४ जून
घात झाला. बाईंनी साहेबांच्या कानावर घातलं. २३ तारखेला गूढ शब्दकोड्यांची स्पर्धा आहे आणि आमच्या वजनकाटे तपासणी ऑफिसतर्फे माझं नाव गेलंय. नाही म्हणायला तोंड उघडलं, बाहेर ‘थँक यू सर’ आलं.
हरकत नाही. वीस दिवस आहेत. रोज दोन तास अभ्यास.

बुधवार, ५ जून
मार्गदर्शक पुस्तक आणलं. उद्यापासून सुरुवात.

रविवार, ९ जून
आज सुरुवात. पहिलंच सूत्र: ‘काका गदगदले त्यात लिहायला मिळेल (३ अक्षरं)’. मला दोन काका. धाकटे उभ्या जन्मात गदगदलेले नाहीत. थोरल्यांना फोन केला. ते पाऊण तास गुडघ्यांबद्दल बोलले. शेवटी मागे उत्तर पाहिलं: कागद. शब्दांच्या पोटातच लपला होता म्हणे. काका का गदगदले, ते कुठेच दिलेलं नाही. पुस्तक अर्धवट आहे.

शुक्रवार, १४ जून
उजेड कमी पडतो, हेच कारण असणार. नवा बल्ब लावला. त्यात वेळ गेला.

मंगळवार, १८ जून
आजारी पडायचं ठरवलं. साहेब म्हणाले, गाडी पाठवतो, उचलून नेऊ. नोटीस बोर्डावर माझा फोटो लागलाय. जिन्यातसुद्धा लोक पाठ थोपटतात. सुटायला वाटच नाही. खरं सांगायचं तर भीती वाटते.

शनिवार, २२ जून
एकूण प्रगती: एक शब्द. तोही मागे बघून.

रविवार, २३ जून, सकाळी ७
बेत पक्का. शेवटपर्यंत डोकं धरून बसायचं, वेळ संपली की कोडंच चुकीचं होतं म्हणायचं.

संध्याकाळी ६
सातव्या मिनिटाला एक हात वर गेला. माझाच. मेली सवय! साहेब उभे राहून टाळ्या वाजवू लागले. परीक्षकांनी माईकवर माझी उत्तरं वाचायला घेतली. आडवा एक, टमढोगू. उभा एक, टफळीमु. टाळ्या हळूहळू थांबल्या. साहेबांच्या सगळ्यात शेवटी.
घरी येऊन बायकोला सगळं कबूल केलं. ती म्हणाली, माहितीये. तुम्ही ऑफिसातून आणता ते पेपर मी स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर अंथरते, अकरा वर्षं वाचतेय. मग बोलली का नाहीस, असं विचारलं. तर म्हणाली, बोलले असते तर तुम्ही बंद केलं असतं, आणि चहा उकळेपर्यंत मला तेवढंच हसायला मिळतं.