आप्पांनी दिलेला जबाब

३ जुलै, कारेगाव
होमगार्डच्या यादीत नाव आलं. धावणं पास, गोळाफेक काठावर. आता फक्त पोलिसांची चारित्र्य पडताळणी. खोलीतल्या मनीषाने पेढे आणले. एक खाल्ला. काही वाटलं नाही. कंपनीत सेकंड शिफ्ट.

९ जुलै
शिरूरला बोलावलं होतं. हवालदार मॅडमनी कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. "दौंड तालुक्यात गुन्हा दाखल आहे तुमच्यावर. मारहाण. फॉर्मवर 'नाही' लिहिलंय."
म्हटलं, आठ वर्षं झाली. मिटलं ते.
"मिटलं म्हणजे पुसलं नाही. निकालाची नक्कल आणा. आणि फिर्यादीला."
स्टँडवर बसून राहिले. दोन एस.ट्या गेल्या.

१५ जुलै, राहू
काल दौंडच्या कोर्टातून नक्कल मिळाली. बांधाचं भांडण. फिर्यादी आप्पा, माझे सख्खे चुलते. आरोपी वडील, दादा, मी. किरकोळ जखम. आपसात तडजोड. दगड कोणी मारला, ते कुठेच नाही. आप्पांचा डावा कान नंतर गेला, तेही नाही.
दादाने मला न विचारता आप्पांशी बोलून ठेवलेलं. तू तिथं नव्हतीस असं ते लिहून देतील म्हणे.
संध्याकाळी त्यांच्या घरी. आठ वर्षांनी. मी उंबऱ्यातूनच बोलायला लागले तर आप्पा म्हणाले, "सुमे, हिकडं उजवीकडं बस. त्या कानानं न्हाई येत."
बसले.
"देतो लिहून. पोरगी सरकारी वर्दी घालती, माझं काय जातंय?"
काकू उठून आत गेली. परत आली नाही.
वडील असते तर काय म्हणाले असते. असो.

२२ जुलै
आप्पा धोतर-टोपी घालून शिरूरला आले. दादाच्या गाडीवर. जबाब दिला, "ही तिथं नव्हतीच. कालेजात गेलती. रागात नाव घातलं म्या."
मॅडम लिहिलेलं वाचून दाखवत होत्या. आप्पांना ऐकू येईना. दोनदा "आं?" केलं.
"कानाला काय झालं बाबा?"
"वय झालं."
मग मॅडम माझ्याकडे वळल्या. त्या दिवशी तुम्ही शेतात होतात का?
"होते."
त्यांनी नवा कागद घेतला.
"दगड मीच मारला," म्हटलं.
इतक्या हळू बोलले की... आप्पा मान डोलवत होते. मी ठरलेलंच सांगतेय असं त्यांना वाटलं.
मॅडम म्हणाल्या, "मग यांचा जबाब खोटा ठरतो. कळतंय का?"
कळत होतं. तरी सही केली.
"दोन्ही पाठवते. साहेब बघतील."
बाहेर दादाने विचारलं, झालं? मान हलवली. आप्पांनी उसाचा रस पाजला. प्यायले.

३० जुलै
काही कळवलं नाही अजून. फर्स्ट शिफ्ट. जेवणाच्या सुट्टीत आप्पांचा फोन. "झालं का गं काम?"
नाही म्हटलं. ऐकू गेलं नाही. ओरडून म्हणावं लागलं, सगळ्या वळून बघायला लागल्या.
"हुईल, हुईल. माझा जबाब हाय की."
मी काय बोलले ते सांगायचं होतं. तेही ओरडूनच सांगावं लागलं असतं. रविवारी राहूला येते, एवढंच म्हटलं.